अवकाश, भौतिकशास्त्र आणि विश्व: कोणते माहितीपट बघावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयातलं मी काहीच बघितलेलं नाही. एकच नाव सांगा.

'अपोलो ११' (२०१९), दिग्दर्शक टॉड डग्लस मिलर. दीड तासाचा आहे आणि त्यात निवेदक नाही. आज सोफ्यावर बसून तेव्हाच्या आठवणी सांगणारं कोणी नाही, नटांकडून करून घेतलेले प्रसंगही नाहीत. जे आहे ते जवळजवळ सगळं जुलै १९६९ मधलं, माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तेव्हाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून असलेली मोठ्या फिल्मची रिळं या निमित्ताने बाहेर आली. त्यामुळे उड्डाण बघायला किनाऱ्यावर जमलेल्या माणसांचे चेहरे कालच टिपल्यासारखे स्पष्ट दिसतात.

चंद्रावर उतरतानाचा भाग मात्र आवाज चांगला येईल अशा ठिकाणी बघा. खिडकीतून जमीन वर येताना दिसते, पडद्यावर उंचीचे आणि इंधनाचे आकडे घसरत जातात आणि मध्येच संगणक '१२०२' असा इशारा देतो. त्याचा अर्थ चित्रपट समजावत बसत नाही. (संगणकावर एका वेळी झेपणार नाही इतकं काम पडलं होतं, त्याने कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकली आणि उतरण्याचं काम चालू ठेवलं.) पुढे काय होणार हे जगाला ठाऊक आहे, तरी हात घट्ट आवळले जातात.

अपोलोवर अजून काही?

दोन. 'फॉर ऑल मॅनकाइंड' (१९८९) आणि 'इन द शॅडो ऑफ द मून' (२००७). पहिल्याला ब्रायन ईनोचं संगीत आहे आणि तो देखणा आहे, पण त्यात वेगवेगळ्या मोहिमांचं चित्रण जोडून एकच प्रवास असल्यासारखं दाखवलंय. कोणता अंतराळवीर कोणत्या यानातला, हे शोधायला जाऊ नका. दुसऱ्यात चंद्रापर्यंत जाऊन आलेली माणसं स्वतः बोलतात. त्यात नील आर्मस्ट्राँग नाहीत, आणि अपोलो ११ मधले त्यांचे सहकारी मायकेल कॉलिन्स इतकं छान बोलतात की ती उणीव जाणवतही नाही.

'कॉसमॉस' नावाच्या तीन मालिका दिसतात. कोणती बघायची?

१९८० ची खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची, २०१४ ची आणि २०२० ची. शेवटच्या दोन्हींचे निवेदक नील डीग्रास टायसन आहेत. प्रत्येकीचे १३ भाग. तिन्हींच्या लेखनात अ‍ॅन ड्रुयन आहेत, म्हणून सूर सारखा वाटतो.

माझं मत सरळ आहे: जुनी आधी बघा. तिचे स्पेशल इफेक्ट्स आज बाळबोध वाटतात, सेगन यांचं काल्पनिक यान तर फारच. पण पहिल्याच भागात ते एक पुठ्ठा हातात घेतात. त्यावर इजिप्तचा नकाशा आणि दोन उभ्या काड्या. पुठ्ठा सपाट धरला की दोन्ही सावल्या सारख्याच पडतात, वाकवला की कमीजास्त होतात. एवढ्या सामग्रीवर एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर कसा काढला, ते दोन-तीन मिनिटांत डोक्यात बसतं. पृथ्वी गोल आहे हे सगळेच सांगतात. ते कळलं कसं, हे सांगणारा माहितीपट वेगळा, आणि या पानावरची निवड जवळजवळ सगळी याच एका कसोटीवर झाली आहे.

२०१४ ची मालिका दिसायला कितीतरी सरस आहे आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येते. तिच्या पहिल्या भागातलं जोर्दानो ब्रुनो या इटालियन विचारवंताचं अ‍ॅनिमेशन मात्र जपून घ्या. १६०० साली त्याला जाळलं हे खरं, पण तो निरीक्षणं-मोजमापं करणारा वैज्ञानिक नव्हता, आणि त्याच्यावरच्या आरोपांत धर्ममतांचा वाटा मोठा होता. इतिहासकारांनी त्यावर बरीच टीका केली. सेगन यांच्या मालिकेतलं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचं प्रकरणही असंच जरा जास्त सोपं केलेलं आहे. इतिहास सांगताना दोन्ही मालिकांचा तोल जातो.

२०२० ची राहिली तरी चालेल.

चाळीस वर्षांपूर्वीचा माहितीपट बघण्यात अर्थ आहे का? विज्ञान तर बदललं असेल.

बदललं, आणि बदललेल्या गोष्टी मोजता येतात. जुन्या 'कॉसमॉस'मध्ये विश्वाचा सगळा इतिहास एका वर्षाच्या कॅलेंडरवर बसवलाय. तिथे विश्वाचं वय १५ अब्ज वर्षं धरलंय. नव्या मालिकेत तेच कॅलेंडर १३.८ अब्जांचं आहे. १९८० मध्ये व्हॉयेजर २ अजून युरेनस आणि नेपच्यूनपाशी पोचलं नव्हतं; ते अनुक्रमे १९८६ आणि १९८९ मध्ये पोचलं. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला १९९५ मध्ये. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ मध्ये कळलं. प्लूटोची ग्रहांच्या यादीतून २००६ मध्ये गच्छंती झाली. हिग्ज बोसॉन हा मूलकण २०१२ मध्ये सापडला आणि गुरुत्वीय लहरी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा पकडल्या गेल्या.

एवढी यादी डोळ्यांसमोर ठेवली की जुना माहितीपट बिनधास्त बघता येतो. गतीचे नियम, ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी तयार होतात, प्रकाशाच्या वर्णपटावरून तारा कशाचा बनलाय ते कसं ओळखतात, हे सगळं जिथल्या तिथे आहे. सावधगिरी बाळगायची ती उलट बाजूला. 'लवकरच आपल्याला कळेल' असं ठासून सांगणारे माहितीपट सगळ्यात आधी शिळे होतात. २००३ ची 'द एलिगंट युनिव्हर्स' बघा: ब्रायन ग्रीन स्ट्रिंग सिद्धान्त (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची कंपनं, ही कल्पना) इतक्या उत्साहाने मांडतात की पुरावा उद्यावर आलाय असं वाटावं. प्रयोगातून दुजोरा अजून मिळालेला नाही.

गणिताचा गंध नाही. भौतिकशास्त्रावरचं काही झेपेल का?

'पार्टिकल फीव्हर' (२०१३) झेपेल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा कणत्वरक आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. तो सुरू होण्यापासून हिग्ज बोसॉन सापडल्याच्या घोषणेपर्यंत कॅमेरा सहा शास्त्रज्ञांच्या मागे आहे. दिग्दर्शक मार्क लेविन्सन स्वतः कणभौतिकीत पीएच.डी. केलेले आहेत, त्यामुळे प्रश्न योग्य जागी विचारले जातात.

यात यश मिळायच्या आधीची दमछाक दिसते. १० सप्टेंबर २००८ ला यंत्रात पहिला झोत फिरला, टाळ्या झाल्या, जगभरच्या बातमीदारांनी गर्दी केली. नऊ दिवसांनी एक विद्युतजोड निकामी झाला, द्रवरूप हेलियम फुटून बाहेर आलं, चुंबकांची वाट लागली आणि सगळं काम वर्षाहून जास्त काळ ठप्प झालं. ज्यांनी उमेदीची वर्षं यात घातली त्यांचे तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

चित्रपटाची रंगत एका आकड्यावर उभी आहे. हिग्जचं वस्तुमान ११५ च्या आसपास निघालं तर सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो, ही कल्पना) मानणाऱ्यांची सरशी, १४० च्या आसपास निघालं तर बहुविश्व (आपल्यासारखी अनेक विश्वं आहेत, ही कल्पना) मानणाऱ्यांची. (एकक गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, ते कळलं नाही तरी अडत नाही.) ४ जुलै २०१२ ला जे जाहीर झालं ते साधारण १२५, म्हणजे नेमकं अधलंमधलं. प्रत्यक्षात भौतिकशास्त्र इतकं सरळ दोन तटांत विभागलेलं नव्हतं, ही चित्रपटाने घेतलेली मोकळीक आहे. पण त्या दिवशी सभागृहात बसलेले, या कणाचं भाकीत करणारे वृद्ध पीटर हिग्ज चष्मा काढून डोळे पुसतात, तो क्षण कोणी लिहून दिलेला नाही.

आणि गणित चालत असेल तर?

मग 'द मेकॅनिकल युनिव्हर्स'. १९८० च्या दशकातली, अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या डेव्हिड गुडस्टीन यांची ५२ भागांची मालिका, यूट्यूबवर मोफत आहे. जिम ब्लिन यांच्या अ‍ॅनिमेशनमध्ये समीकरणातली अक्षरं या बाजूची त्या बाजूला सरकतात, एकमेकांना छेदून नाहीशी होतात. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र अर्धवट राहिलेल्या माणसाला याहून चांगली उजळणी मिळणार नाही. वही घेऊन बसा, नुसतं बघून काही होत नाही.

त्याच्या जोडीला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं 'फन टू इमॅजिन' (१९८३). एक माणूस खुर्चीत बसून बोलतोय, बाकी काही नाही. दोन चुंबक एकमेकांना ढकलतात ते का, असा प्रश्न येतो आणि फाइनमन आधी 'का' या प्रश्नाचीच उलटतपासणी घेतात. ते म्हणतात, चुंबक रबराने ओढल्यासारखे ओढले जातात असं मी सांगितलं तर ती तुमची फसवणूक होईल, कारण रबर ताणल्यावर मागे का येतं हे सांगायला शेवटी मला याच विद्युत बलांकडे यावं लागेल. हे बघून झाल्यावर ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवून गुरुत्वाकर्षण समजावणारं ते नेहमीचं दृश्य बघा. गोळा खाली दबतो तोच मुळी गुरुत्वाकर्षणामुळे!

क्वांटमवर काय बघावं?

जिम अल-खलिली यांचा 'द सीक्रेट्स ऑफ क्वांटम फिजिक्स' (२०१४), दोन भाग. पहिल्यात जॉन बेल यांचा १९६४ चा युक्तिवाद पत्त्यांच्या खेळातून मांडलाय. मोजण्याआधीच कणाचे गुणधर्म ठरलेले असतात का, हा आइन्स्टाइन आणि बोर यांच्यातला जो वाद केवळ तत्त्वचर्चा वाटत होता, त्याचा निकाल प्रयोगशाळेत कसा लावता आला, हे त्यातून कळतं. याच धाग्यावरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. दुसरा भाग सजीवांमधल्या क्वांटम परिणामांबद्दल आहे. मजेदार आहे, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर अजून वाद चालू आहे.

आणि 'क्वांटम' हा शब्द 'चैतन्य', 'ऊर्जा' आणि 'इच्छाशक्ती' यांच्या शेजारी दिसला की पुढे जा. 'व्हॉट द ब्लीप डू वी नो' (२००४) हा त्यातला गाजलेला नमुना. त्याचे निर्माते एका अध्यात्मपंथाशी जोडलेले होते. त्यात दिसणारे तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी नंतर सांगितलं की आपलं म्हणणं काटछाट करून जवळपास उलटं दाखवलं.

पण त्यात खरे शास्त्रज्ञ दिसतात ना? मग विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

वरचं उदाहरण पुरेसं नसेल तर २०१४ चा 'द प्रिन्सिपल' घ्या. पृथ्वी विश्वात खास जागी आहे, असं सुचवणारा तो चित्रपट. त्याचं निवेदन करणाऱ्या अभिनेत्री केट मलग्र्यू आणि त्यात दिसणारे भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्रॉस, दोघांनीही जाहीरपणे हात झटकले. मुलाखत खरी असते, तिच्या मागचं-पुढचं कात्रीने ठरतं. चेहरा ओळखीचा आहे की नाही यापेक्षा, तो माणूस एखादं मोजमाप किंवा प्रयोग सांगतोय की नुसतीच विशेषणं, हे बघा.

पडद्यावर दिसणारे तेजोमेघ, कृष्णविवरं, दीर्घिका खरोखर तशाच दिसतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि चांगला माहितीपट हे लपवत नाही.

हबल दुर्बिणीचं १९९५ चं 'निर्मितीचे स्तंभ' हे छायाचित्र सगळ्यांनी बघितलंय. त्यात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवलाय. हायड्रोजनचा तो प्रकाश खरं तर लालच असतो, गंधकाचाही लाल. दोन्ही लालच ठेवले तर कुठे कोणता वायू आहे ते कळणार नाही, म्हणून रंग वाटून दिले. यात फसवणूक नाही, नकाशात समुद्रसपाटी हिरवी आणि डोंगर तपकिरी दाखवण्यातला प्रकार आहे. जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाशात बघते, जो डोळ्यांना दिसतच नाही. तिथे तरंगलांबीच्या क्रमाने रंग द्यावेच लागतात. १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं नारिंगी कडं १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींतून बनवलंय. नारिंगी रंग माणसांनी निवडला.

हे काम कसं चालतं ते बघायचं असेल तर पीटर गॅलिसन यांचा 'ब्लॅक होल्स: द एज ऑफ ऑल वी नो' (२०२०) बघा. तेच चित्र बनवणाऱ्या गटांमध्ये कॅमेरा आहे. आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच आकड्यांतून काढण्याचा मोह कसा टाळायचा, यासाठी चार गट एकमेकांशी न बोलता वेगवेगळं काम करतात आणि मग चित्रं शेजारी-शेजारी ठेवतात. अर्धा चित्रपट हॉकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या फळ्यावरच्या गणिताचा आहे. तो डोक्यावरून गेला तरी हरकत नाही.

रंगांचं ठीक आहे, पण काही गोष्टींना माफी नाही. पोकळीत होणाऱ्या स्फोटांचे धडामधूम आवाज. दगडांची खच्चून गर्दी असलेला लघुग्रहांचा पट्टा. प्रत्यक्षात तिथे एका दगडापासून दुसरा लाखो किलोमीटर लांब असतो आणि यानं त्यातून बिनघोर निघून जातात. आणि महास्फोट म्हणजे काळ्याकुट्ट रिकाम्या जागेत मधोमध फुटलेला फटाका. ती रिकामी जागा आधीपासून होती कुठे?

यानांच्या मोहिमांवर एखादा?

'द फार्देस्ट' (२०१७), व्हॉयेजरवरचा. १९७७ मध्ये निघालेली ही दोन यानं आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहेत. व्हॉयेजर १ चा संदेश प्रकाशाच्या वेगाने यायलाही २२ तासांहून जास्त लागतात. पण माझ्या लक्षात राहिली ती स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. गुरूजवळच्या किरणोत्सर्गाचा धोका उशिरा लक्षात आला, तेव्हा अभियंत्यांनी दुकानातून साधी फॉइल आणून यानाच्या केबल्सना गुंडाळली. ही म्हातारी झालेली माणसं हे सांगताना अजून हसतात.

'गुड नाइट ऑपी' (२०२२) मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी गाडीबद्दल आहे. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेली गाडी २०१८ पर्यंत चालली. चित्रपट गोड आहे, जरा जास्तच. मंगळावरची बरीच दृश्यं संगणकाने केलेली आहेत. आणि हो, 'माझी बॅटरी संपत आलीय, अंधार पडतोय' असं वाक्य गाडीने कधीच पाठवलं नव्हतं. आलेल्या आकड्यांचं एका पत्रकाराने केलेलं ते भाषांतर आहे.

ग्रहांवर, सूर्यमालेवर?

ब्रायन कॉक्स यांची 'वंडर्स ऑफ द सोलर सिस्टीम' (२०१०). डोंगराच्या टोकावर उभं राहून क्षितिजाकडे बघण्याची त्यांची सवय सहन करा. पहिल्या भागात ते डेथ व्हॅलीच्या वाळवंटात पाण्याचा डबा, थर्मामीटर आणि छत्री घेऊन बसतात. उन्हात पाणी किती वेळात किती तापलं यावरून चौरस मीटरला किती ऊर्जा येते ते काढतात, आणि सूर्यापर्यंतचं अंतर धरून सूर्य एकूण किती ऊर्जा बाहेर टाकतो तिथपर्यंत पोचतात. छत्री आणि डब्यावर!

मुलांना काय दाखवू?

आधी 'पॉवर्स ऑफ टेन' (१९७७). नऊ मिनिटांचा आहे. बागेत आडवा झालेला माणूस, आणि दर दहा सेकंदांनी दहापट लांब जाणारा कॅमेरा, थेट १० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत. मग परत, आणि हाताच्या कातडीतून आत, अणुकेंद्रापर्यंत. मुलं तो लागोपाठ परत लावायला सांगतात, तेव्हा तयारीत राहा. सूर्य एक दिवस फुगेल, पृथ्वी नष्ट होईल, असे भाग लहान मुलांना झोपायच्या वेळी दाखवू नका. पाच अब्ज वर्षं म्हणजे किती, हे त्यांना कळत नाही. उद्याच होणार असं वाटतं.

घरातल्या एकाला विज्ञानाचा कंटाळा आहे. एकत्र बघण्यासारखं काही?

पात्रिसियो गुझमान यांचा 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (२०१०). चिलीचं अटाकामा वाळवंट. तिथे खगोलशास्त्रज्ञ मोठमोठ्या दुर्बिणींतून लाखो वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश गोळा करतात. त्याच वाळवंटात काही बायका हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत मारून पुरलेल्या आपल्या माणसांची हाडं शोधत फिरतात. हलकाफुलका अजिबात नाही. बघून झाल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.

इंग्रजी निवेदन भरभर जातं, डोक्यात शिरत नाही.

सबटायटल्स इंग्रजीच लावा; कानावर पडलेला शब्द लिहिलेला दिसला की निम्मं काम होतं. आपोआप तयार होणाऱ्या भाषांतरित सबटायटल्सवर विसंबू नका, पारिभाषिक शब्दांचा ती पार विचका करतात. वेग पाऊणपट केला तरी चालतं. सेगन तर मुळातच इतके सावकाश बोलतात की त्यांना काही करावं लागत नाही.

यूट्यूबवर रोज 'जेम्स वेबने काय शोधलं बघा, शास्त्रज्ञ हादरले' असे व्हिडिओ येतात. त्यांचं काय?

नासाची बहुतेक छायाचित्रं आणि चित्रफिती कोणालाही वापरता येतात. चांगली सोय आहे, पण त्याचमुळे दृश्यं अस्सल आणि निवेदन वाटेल ते, असा माल भरमसाट तयार होतो. आता आवाजही यंत्राचा आणि मजकूरही यंत्राचा. शोधनिबंधाचं, वेधशाळेचं किंवा एकाही संशोधकाचं नाव न घेता दहा मिनिटं गेली की बंद करा. वेबच्या उभारणीची गोष्ट हवी असेल तर 'अननोन: कॉस्मिक टाइम मशीन' (२०२३) हा तासाभराचा माहितीपट आहे. प्रत्येक गोष्ट पहिल्याच फटक्यात बरोबर उघडली पाहिजे, कारण दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर जाणार आणि दुरुस्तीला कोणी जाऊ शकणार नाही, ही धाकधूक त्यात नीट उतरली आहे.

रात्री झोप येईपर्यंत लावून ठेवायला कोणता चांगला?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त जण विचारतात. 'फॉर ऑल मॅनकाइंड' किंवा सेगन यांचा कुठलाही भाग. 'अपोलो ११' नको, उड्डाणाच्या वेळी दचकून उठाल. आणि ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर पहाटे तीनला शास्त्रज्ञ हादरलेले असतात.